न दिलेले थेंब

"वज़न?" नर्सनं फॉर्मवरून मान वर न करता विचारलं.

"ब्याऐंशी किलो," मी म्हणालो. आणि लगेच खुलासाही केला, "पहले पचहत्तर था."

त्याआधी तिनं नाव, वय, पत्ता, नोकरी असं सगळं ओळीनं विचारलं होतं आणि मी पडलो रायपूरच्या मंत्रालयातला बाबू. ओळीनं विचारलेल्याला ओळीनं उत्तर देणं एवढंच मला येतं. तिचं पेन थांबलं.

"आपका नहीं, भैया. बच्ची का."

बच्चीचं वजन लिहिलेला कागद माझ्याच खिशात होता. अकराशे ऐंशी ग्रॅम. तो आकडा मी तिला वाचून दाखवला आणि तेव्हा कुठे तो मला ऐकू आला. दीड किलोची साखरेची पिशवीसुद्धा आपण एका बोटावर अडकवून आणतो.

आमच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. मी सेहेचाळीसचा, कुंदा एकोणचाळीसची. मूल होणार नाही हे आम्ही दोघांनी मान्य केलं होतं, नातेवाइकांनी तर आमच्याही आधी. आणि मग दिवस गेले. सातव्या महिन्यात एका दुपारी कुंदाचा ऑफिसात फोन आला, "अहो, डोळ्यांपुढे काजवे चमकून राहिले. लवकर या." नवा रायपुरात रस्ते एवढे रुंद आहेत की विमान उतरावं, पण दुपारी बस मिळेल तर शपथ. एका साहेबांच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून मी आलो. तोवर तिला चौबे कॉलोनीतल्या आमच्या शेजाऱ्यांनी नर्सिंग होममध्ये नेलं होतं. रक्तदाब इतका वाढला होता की त्याच संध्याकाळी पोट उघडून बाळ काढलं, आणि तासाभरात बाळ अँब्युलन्सनं तेलीबांध्यापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात. आई एका टोकाला, मुलगी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये मी, स्वतःचं वजन सांगत.

*

त्या काचेच्या खोलीत आमची रेवा बेचाळीस दिवस होती. नाव तिथंच ठेवलं, कारण पाटीवर "बेबी ऑफ कुंदा" वाचून कुंदा रडायची.

तिथल्या दिवसांना चव नसते. सकाळी कोपरापर्यंत हात धुवायचे, हिरवा झगा घालायचा, यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा पाहायचा. तो आकडा खाली आला की भोंगा वाजायचा. रेवा श्वास घ्यायला विसरायची. हो, विसरायची. नर्स तिच्या तळव्यावर टिचकी मारायची, मग तिला आठवायचं.

तिथं शकुन दीदी म्हणून एक नर्स होती, महासमुंदकडची. बाराव्या दिवशी ती मला म्हणाली, "भैया, शर्ट उतारो."

मी इकडंतिकडं पाहिलं. "मैं? उसकी मां आएगी न..."

"मां के टांके पक गए हैं, आज नहीं आएगी. उतारो, उतारो. नोनी ला छाती म लगाना हे." नोनी म्हणजे मुलगी. इकडं छत्तीसगडीत तसंच म्हणतात.

लग्नात सत्यनारायणाला बसलो होतो त्यानंतर चारचौघांत मी उघडा झालो नव्हतो. पोट आत ओढून बसलो. शकुन दीदीनं रेवाला नळ्यांसकट माझ्या छातीवर ठेवलं, वरून चादर गुंडाळली आणि म्हणाली, "पोट ढीला छोड़ो भैया. इतना बड़ा पलंग इस वार्ड में किसी को नहीं मिला."

तासभर मी हललो नाही. पाय बधिर झाला, नाकाला खाज सुटली. माझ्या छातीवर एक मूठभर ऊब होती, आणि यंत्रावरचा आकडा त्या तासात एकदाही खाली आला नाही. त्या बेचाळीस दिवसांतलं चांगलं म्हणून एवढंच माझ्याकडे आहे.

*

सुट्टी मिळाली तेव्हा डॉक्टर मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. मूळच्या बिलासपूरच्या, बोलणं मोजकं. म्हणाल्या, आईच्या पोटातल्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत बाळ लोह साठवून घेतं. पुढचे कित्येक महिने त्याच्यावर चालतं. "ये तो बिना टिफिन के निकल आई है," त्या म्हणाल्या. त्यात इथं तपासण्यांसाठी तिचं रक्त रोज थोडं थोडं काढलेलं. म्हणून हे लोहाचे थेंब. रोज, न चुकता, वर्षभर.

शिदोरी न घेता निघालेली पोर. ते माझ्या चांगलं लक्षात राहिलं, कारण घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी ते वाक्य रंगवून सांगत असे. वाक्य लक्षात राहिलं, एवढंच.

बाकी सगळं कुंदाच करत होती. दर दोन तासांनी दूध, दुपटी, मालिश, स्वतःचे दुखरे टाके. मी म्हटलं, थेंब माझ्याकडे. सकाळी आठला, ऑफिसला निघायच्या आधी. काळपट तपकिरी औषध, गंजक्या खिळ्याच्या वासाचं. घरातलं माझ्या वाट्याचं तेवढं एकच काम.

*

पहिले दोन महिने मी ते नीट केलं. मग रेवाला त्रास व्हायला लागला. थेंब दिले की अर्ध्या तासात पाय पोटाशी घेऊन ती लाल व्हायची, कुंथायची, किंचाळायची. शी डांबरासारखी काळी.

बाळंतपणासाठी माझी आत्या भंडाऱ्याहून येऊन राहिली होती. वय बहात्तर, आवाज बावीसचा. ती दुपटं धुताना म्हणायची, "काय रे विन्या, पोट्टीले लोखंड खाऊ घालून राहिला का? आतडी जळतीन तिची."

"आत्या, डॉक्टरनं दिलंय."

"डॉक्टर आहे का पोट दाबून धराले? कुंदीले खाऊ घाल ना काय घालायचं ते. आईच्या दुधातून जाते सगळं."

आणि तिनं येताना आणलेली लोखंडी कढई काढली. कुंदाला त्या कढईतली मेथी, त्या कढईतली लाल भाजी, वर गूळ-शेंगदाणे, अळिवाचे लाडू. कुंदाची जीभ काळी पडायची बाकी राहिली. मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं. लोह घरात येतंय, आईच्या पोटात जातंय, म्हणजे पोचणारच. ऑफिसात आम्ही फाइल खालून वर सरकवतो आणि ती पोचली असं समजतो, तसं.

एका सकाळी मी थेंब दिले नाहीत. रेवा रडली नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. तिसऱ्या दिवशी कुंदानं आंघोळीला जाता जाता विचारलं, "दिले का थेंब?"

"दिले," मी म्हणालो.

खोटं बोलायला एवढा कमी वेळ लागतो, हे मला सेहेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. बाटलीतलं औषध कमी व्हायला हवं म्हणून मी रोज आठ वाजता गॅलरीत जायचो आणि तेवढे थेंब तुळशीच्या कुंडीत टाकायचो. वर नमस्कार करायचो, म्हणजे आत्याला वाटावं पूजा चाललीय. ती म्हणालीसुद्धा, "बाप झाला तसा देवाले लागला पोरगा."

दोन महिने. एखाददुसरा दिवस कमी असेल.

*

त्या दोन महिन्यांत रेवा फार गुणाची झाली.

ज्यांच्या घरी असं लवकर आलेलं बाळ आहे त्यांच्यासाठी मी हे लिहितोय, म्हणून इथं जरा थांबतो. आमची मुलगी रडत नव्हती. भूक लागली तरी ओठ हलवायची आणि पडून राहायची. शेजारच्या शर्मा भाभी यायच्या, "हाय, कितनी सीधी बच्ची है! हमारे वाले ने तो छत सिर पे उठा रखी थी." आत्या तिच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडायची. मी अभिमानानं सांगायचो की समंजसपणा माझ्याकडून आलाय. गोरी पडली होती, तेही कौतुकच. आमच्या घराण्यात गोरं कोणी नाही, हे कोणाला सुचलं नाही.

कुंदाला सुचत होतं. ती खुळखुळा वाजवायची, चेहरा जवळ न्यायची, बोलायची. एक दिवस म्हणाली, "अहो, ही माझ्याकडे पाहतच नाही. पाहते, पण माझ्यातून पलीकडे पाहते."

"आमच्या सचिवांसारखी," मी म्हणालो. "तेही असेच पाहतात."

ती हसली नाही. "तुम्हाला सगळ्यात गंमतच सुचते."

"अगं, दोन महिने आधी आलीय. सगळं दोन महिने उशिरा होईल."

हे वाक्य खरं होतं. म्हणूनच त्याच्या मागं लपता आलं.

*

सहाव्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टर मॅडमनी रेवाच्या डोळ्यासमोर दोऱ्याला बांधलेला लाल चेंडू हलवला. रेवानं पाहिला, सोडून दिला. मॅडमनी तिची खालची पापणी ओढली, तळहात पाहिला.

"रोती है?"

"बिलकुल नहीं," मी कौतुकानं म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "आप खुश होके बता रहे हैं." मग कुंदाकडे वळून, "ड्रॉप्स रोज़ दे रहे हैं?"

"रोज. हेच देतात, सकाळी आठला. एक दिवस नाही चुकले." कुंदा हे सांगताना माझ्याकडे पाहून थोडी हसली. तिला माझं कौतुक होतं.

रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला. हिमोग्लोबिन सातच्या आसपास. मॅडमच्या कपाळावर आठी. थेंब रोज जात असूनही इतकं कमी, म्हणजे रक्त कुठंतरी जातंय, किंवा रक्तातच काहीतरी आहे. भरती करा. शी तपासा. सिकलिंगची तपासणी करा. तो रक्ताचा आजार आमच्या भागात पुष्कळ. इथं नाव काढलं तरी लोकांचे चेहरे उतरतात, कारण तो जन्माचा असतो आणि आईबापांकडून येतो.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. कुंदा शेजारीच उभी होती, आणि मी विचारलं, "मॅडम, चाय वगैरह नीचे मिलती है न?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या डबा घेऊन आली. कॉरिडॉरमध्येच तिनं सुरू केलं, "आपल्या घरात असलं रक्त नाही. सात पिढ्यांत नाही. कुंदे, तुह्या मामाची पोरगी पांढरीफटक होती नं, ते काय होतं?"

कुंदा भिंतीला टेकून उभी राहिली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच मला म्हणाली, "मामाच्या पोरीचं मला खरंच माहीत नाही हो. विचारू का माहेरी वर्ध्याला फोन करून?"

आत शकुन दीदी रेवाचं रक्त काढत होती. लहान शिरा, सापडत नव्हती. उजवा हात झाला, डावा झाला, मग पाऊल. रेवाला सुई टोचली की ती फक्त ओठ वाकडे करायची, आवाज नाही. मी काचेतून पाहत होतो. पाय पोटाशी घेऊन किंचाळणारी माझी मुलगी मला तेव्हा आठवली, आणि तो आवाज परत यावा म्हणून मी त्या क्षणी काहीही दिलं असतं.

शकुन दीदी दुपटं बदलून बाहेर आली. माझ्याजवळ थांबली. आवाज खाली घेऊन म्हणाली, "भैया, आयरन पीने वाले बच्चे की टट्टी काली आती है. इसकी तो हल्दी जैसी पीली है."

मी काचेकडे तोंड फिरवलं.

"तहीं बता दे, भैया. मैं नइ बतावँव." तूच सांग, मी नाही सांगणार. एवढं बोलून ती ट्रे घेऊन निघून गेली.

मी मॅडमच्या खोलीत गेलो, कुंदाला बरोबर घेऊन. उभ्यानंच सांगितलं. दोन महिने दिलं नाही, बाटली तुळशीत रिकामी केली, सिकलिंग वगैरे काही नसेल, तिला आता टोचू नका. मराठीत सुरू केलं, हिंदीत संपवलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "बंद क्यों किया?"

"रोती थी."

"तो फोन कर देते. आधा सुबह, आधा शाम को, दो फीड के बीच में. बस इतना करना था." आणि कढईचं ऐकून म्हणाल्या की आईनं कितीही लोह खाल्लं तरी दुधात जेमतेम तेवढंच उतरतं, ते आईच्या कामाचं, बाळाच्या नाही. मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, शरीर आहे तेवढं लोह आधी रक्ताला देतं. रक्तात कमतरता दिसायला लागते तोवर मेंदूचा वाटा केव्हाच कमी झालेला असतो.

"लौट आएगा?" मी विचारलं.

"खून तो लौट आएगा."

कुंदा खोलीतून बाहेर गेली, थेट आत्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वर्ध्याचं रक्त चांगलं आहे, आत्या." बस. माझ्याशी त्यानंतर नऊ दिवस ती फक्त कामापुरतं बोलली. "गरम पाणी." "दुपटं." "सरका."

*

थेंब कुंदाकडे गेले. अर्धे सकाळी, अर्धे संध्याकाळी. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी रेवा भुकेनं रडली. कुईकुई नाही, पार टाहो फोडून. शर्मा भाभी धावत आल्या, "क्या हुआ? गिर गई क्या?" मी दारात उभा राहून त्यांना सांगितलं, "नहीं भाभी, रो रही है," आणि माझंच तोंड लपवायला आत पळालो. आत्या पोळपाट सोडून उठून आली आणि रेवाला पाहत राहिली. भंडाऱ्याला परत जाताना ती कढई इथंच ठेवून गेली, म्हणाली, "मले वाटलं होतं पोचते म्हणून." मीच तिला म्हटलं, बंद तू नाही केलंस, मी केलं.

मग सुरू झाल्या हॉस्पिटलच्या वाढ-तपासणीच्या फेऱ्या. एका खोलीत आरसा, घंटी, लाकडी ठोकळे, कापडी बाहुल्या. तपासणाऱ्या ताई ठोकळा पुढे करणार, रेवानं तो घ्यायचा. बाकीची मुलं झडप घालतात. आमची आधी ताईकडे पाहते, मग ठोकळ्याकडे, मग आईच्या कुशीत. ठोकळा घेते, पण सगळे दुसरीकडे पाहायला लागले की. तिथल्या बाकावर बसून मी परीक्षेला बसल्यासारखा घामाघूम होतो. एकदा तिनं घंटी वाजवली तर मी टाळ्या वाजवल्या. ती दचकली आणि पुढचा अर्धा तास वाया गेला. ताईंनी मला नम्रपणे बाहेर बसायला सांगितलं.

रेवा आता तीनची होतेय. एकोणिसाव्या महिन्यात चालली. शब्द आहेत, वाक्यं अजून जुळायची आहेत. नवीन माणूस आला की माझ्या लेंग्याला धरून मागं उभी राहते. बागेत घसरगुंडीपाशी जाते, बाकीची पोरं कशी घसरतात ते पाहत राहते. पाहते मात्र नीट, पलीकडे नाही पाहत. हिमोग्लोबिन उत्तम आहे. ते विचारायचं आता कुणालाच कारण पडत नाही.

हे सगळं लवकर जन्मल्यामुळे, की वजन कमी म्हणून, की तिचा स्वभावच तसा, की ते दोन महिने? मी हा प्रश्न डॉक्टरांना प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दांत विचारतो, म्हणजे एखाद्या वेळी वेगळं उत्तर निघेल. निघत नाही. तुमच्या घरी असं बाळ असेल आणि थेंबांनी ते रडत असेल, तर फोन करा. बाकी मला सांगण्यासारखं काही नाही.

*

गेल्या महिन्यातल्या तपासणीला मॅडम बऱ्यापैकी मोकळ्या होत्या. मी माझ्या प्रश्नाला नवीन कपडे घालून तो विचारला, आणि त्या म्हणाल्या, ठरवून सांगता येत नाही. कदाचित त्या दोन महिन्यांमुळे नसेलही.

तेवढं मला पुरलं. परतीच्या वाटेवर तेलीबांध्याच्या तलावापाशी थांबलो. रेवा कुंदाच्या मांडीवर बसून भाजलेल्या कणसाचा एकेक दाणा काढून खात होती. मी हलक्या आवाजात, जणू सहज आठवलं म्हणून म्हणालो, "ऐकलंस ना मॅडम काय म्हणाल्या? नसेलही म्हणाल्या."

कुंदानं रेवाच्या हनुवटीला चिकटलेला दाणा काढला.

"ऐकलं," ती म्हणाली. "पण हे मले काहून सांगून राहिले तुम्ही? मोठी झाली की तिले सांगा. आणि सांगताना तिले हसवू नका."